सोमवार ते शनिवार लिहिताना, आणि मग सिनेमा लिहिताना

मी २०१९ च्या ऑगस्टपासून एका मराठी डेली सोपचे संवाद लिहायला लागले आणि ती मालिका २०२१ च्या शेवटी संपली तोवर माझे सहाशेच्या आसपास एपिसोड लिहून झाले होते. त्यानंतर एक सिनेमा लिहिला, ११८ पानांचा, आणि त्याला दोन वर्षं लागली. दोन्हीत फरक काय असं कुणी विचारलं की मी पटकन काहीतरी सांगून मोकळी होते, टीव्हीत घाई असते, सिनेमात वेळ मिळतो वगैरे. ते खोटं नाही पण खरा फरक तो नाहीच. म्हणून एकदा बसून नीट लिहून काढतेय, कारण या कामात नवीन येणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे मालिकेत लेखक हा एक माणूस नसतोच. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि श्रेयनामावलीत तिन्ही नावं वेगवेगळी येतात. आमच्याकडे कथालेखक ताई चॅनेलबरोबर बसून पुढच्या दीड-दोन महिन्यांचा ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, ठरवायच्या, पटकथावाला त्याचे एपिसोड पाडायचा, कुठल्या एपिसोडमध्ये कुठले सीन, ब्रेक कुठे, शेवटचा हुक, म्हणजे उद्या परत बघायला लावणारा क्षण, काय, आणि मग ते माझ्याकडे यायचं. यायचं म्हणजे रात्री साडेदहा-अकराला मेल, आणि सकाळी साडेसातपर्यंत निदान पहिले तीन सीन सेटवर पोचलेच पाहिजेत कारण नऊची शिफ्ट. बावीस मिनिटांचा एपिसोड, सहा-सात सीन, आठवड्याला असे सहा. बँक असेल, म्हणजे पुढचे आठ-दहा एपिसोड शूट होऊन तयार असतील, तर जरा दम खाता येतो. आमची बँक पहिले चार महिने टिकली, पुढे कधीच झाली नाही.

मेलमध्ये पटकथेबरोबर कलाकारांच्या डेट्सही यायच्या, आणि खरं सांगायचं तर मी आधी त्या वाचायचे. मोठी सून मंगळवारी नाही, सासरे दुपारी दोननंतरच, आणि ज्या भांडणावर अख्खा एपिसोड उभा आहे ते नेमकं या दोघांचंच. मग ते भांडण बंद दाराच्या दोन बाजूंनी करायचं, ती आतून बोलणार, ते बाहेरून बोलणार, दोघांचं शूट वेगवेगळ्या दिवशी. सुरुवातीला मला हा लिखाणावर अन्याय वाटायचा. पण हातात जे आहे त्यातून सीन उभा करणं हेही लिखाणच आहे हे हळूहळू पटलं, आणि ते दाराआडचं भांडण समोरासमोर झालं असतं त्यापेक्षा चांगलं झालं असं मला आजही वाटतं, कारण दोघांनाही एकमेकांचा चेहरा दिसत नव्हता म्हणून दोघंही नको तेवढं खरं बोलून गेली.

आणि मग गुरुवार. गुरुवारी रेटिंग यायचं आणि संध्याकाळपर्यंत कळायचं की पुढचा आठवडा आपण ठरवलाय तसा राहणार की नाही. एकदा आम्ही धाकट्या मुलाच्या जुन्या मित्राचा ट्रॅक सुरू केला होता, मी त्याच्यासाठी अकरा एपिसोड लिहिले, त्याची बोलण्याची ढब बसवली, तो कुठलीच गोष्ट नक्की ठरवायचा नाही, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बघू’ म्हणायचा. दोन गुरुवार आकडा खाली आला आणि तो मित्र एका फोनवर नोकरीसाठी परदेशात गेला. तो शेवटचा फोन मलाच लिहायचा होता. त्यातही तो ‘बघू’ म्हणाला, एवढंच माझ्या हातात होतं.

यावरून वाटेल की मालिकेत लेखकाला काही किंमतच नाही. तसं अजिबात नाही, आणि मला खरं सांगायचंय ते इथून पुढे आहे.

आमच्या मालिकेत सासूचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री होत्या, सगळे त्यांना ताई म्हणायचे. दोनशे-सव्वादोनशे एपिसोड झाले असतील तेव्हा एका सकाळी सेटवरून त्यांचा फोन आला, सीन लागलाय, लायटिंग चालू आहे, आणि त्या म्हणाल्या, "अगं, ही बाई सुनेला ‘माझं चुकलं’ म्हणते असं लिहिलंयस तू. ती नाही म्हणणार गं असं. ही माफी मागत नाही कधी, ही विषय बदलते." मी दोन मिनिटं गप्प बसले. पटकथेत स्पष्ट लिहिलं होतं की सासू माफी मागते आणि सुनेच्या डोळ्यांत पाणी येतं, चॅनेलनेही ते मान्य केलेलं, प्रोमोत तेच जायचं होतं. पण ताईंचं बरोबर होतं आणि ते मला आधी कळायला हवं होतं. मी फोनवरच दुसरं वाक्य सांगितलं: "आभाळ भरून आलंय. वाळत घातलेले कपडे काढ, तुझे आधी काढ." बास. सुनेला ‘तुझे आधी काढ’ हे पुरलं. तो सीन ऑन एअर गेला तेव्हा प्रोमोत ‘माझं चुकलं’ नव्हतं म्हणून क्रिएटिव्ह टीमकडून मला दोन शब्द ऐकावे लागले, पण सीन तसाच राहिला.

हे सिनेमात होत नाही. होऊच शकत नाही, कारण सिनेमात त्या बाईला जेमतेम दोन तास मिळतात आणि अभिनेत्रीला चाळीस-पन्नास दिवस. मालिकेत एक माणूस दोन वर्षं रोज तिच्या अंगात शिरतो आणि दुसरा माणूस दोन वर्षं रोज तिच्या तोंडी शब्द घालतो. कथा चॅनेलची, ट्रॅक रेटिंगचा, पण ती बाई बोलते कशी आणि कुठे बोलायची थांबते हे जगात फक्त दोघांना माहीत असतं. त्या अर्थाने ती आमची होती. तिच्या गोष्टीचा शेवट मी ठरवला नाही, तिचा आवाज मात्र मी ठरवला.

कोविडच्या काळात टीव्हीतल्या लेखकाचं वजन मला वेगळ्याच पद्धतीने दिसलं. २०२० च्या मार्चमध्ये शूटिंग बंद झालं, चॅनेलवर जुने एपिसोड लागायला लागले, आणि जुलैत आम्ही परत सुरू केलं तेव्हा ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला परवानगी नव्हती. ती अट मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली, पण तोवर आमचे सासरे अख्खा ट्रॅक फोनवरून चालवत होते. घरातला कर्ता माणूस घरात का नाही याचं कारण लिहिणं, ते प्रेक्षकाला खोटं वाटणार नाही असं लिहिणं, आणि परत त्या नटाला आपण बाजूला पडलो असं वाटू नये इतकं त्याला फोनवर काम देणं, हे सगळं एकाच वेळी.

२०२१ च्या एप्रिलमध्ये तर महाराष्ट्रात शूटिंग पुन्हा थांबलं आणि बऱ्याच मालिका राज्याबाहेर हलल्या, आमचं युनिट गोव्याला गेलं. बुधवारी ठरलं, शनिवारी युनिट निघालं. म्हणजे मधल्या दोन रात्रींत अख्खं कुटुंब घर सोडून एका रिसॉर्टवर का गेलंय हे ठरवायचं, तेही चालू असलेला मालमत्तेचा वाद न सोडता, आणि मोठ्या सुनेला प्रवास शक्य नव्हता म्हणून तिच्याशिवाय. कथालेखक ताई, पटकथावाला आणि मी व्हिडिओ कॉलवर रात्री अडीचपर्यंत बसलो होतो. ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, दर तासाला कॉलवर डोकावून एकच विचारायचा, "काही झालं का?" कारण लोकेशन कुठलं घ्यायचं, कपडे कुठले न्यायचे, किती माणसं न्यायची हे सगळं आमच्या उत्तरावर अडलं होतं. मे महिन्यात गोव्यातली परवानगीही गेली आणि परत तेच. थकवा प्रचंड आला. पण आपण थांबलो तर सव्वाशे माणसं थांबतात ही जाणीव मला त्या आठवड्यात झाली तशी आधी कधी झाली नव्हती.

अमेरिकेत लेखक संपावर गेले तेव्हाही हेच दिसलं होतं. ५ नोव्हेंबर २००७ ला संप सुरू झाला आणि रात्रीचे टॉक शो लगेच बंद पडले, मालिकांचा शिल्लक माल काही आठवड्यांत संपायला लागला, पण तयार स्क्रिप्टवरच्या सिनेमांची शूटिंगं चालू राहिली. १०० दिवस चालला तो संप. नंतर २०२३ चा १४८ दिवस चालला, त्यात तर एक मागणी हीच होती की मालिकेच्या रायटर्स रूममध्ये, म्हणजे एकत्र बसून मालिका लिहिणाऱ्या लेखकांच्या गटात, किमान इतके लेखक ठेवलेच पाहिजेत. म्हणजे लिहिणारा हात मालिकेला रोज लागतो आणि सिनेमाला आधी एकदा लागतो, हे जगात सगळीकडे सारखंच. फरक असा की तिकडे शोरनर नावाचा माणूस असतो आणि तो बहुतेक वेळा लेखकच असतो, कास्टिंगपासून एडिटपर्यंत शेवटचा शब्द त्याचा, दिग्दर्शक एपिसोडगणिक बदलतात पण शोरनर तोच राहतो. आपल्याकडे ती खुर्ची चॅनेलकडे आहे. लेखक रोज लागतो पण ठरवणारा तो नसतो, आणि मला वाटतं आपल्या मालिकांच्या कथा दीडशे-दोनशे एपिसोडनंतर दिशाहीन होतात त्याचं मोठं कारण हे आहे. ज्याला पात्रं सगळ्यात जास्त माहीत असतात त्यालाच पुढचा रस्ता विचारला जात नाही.

आता सिनेमा.

गोष्ट माझी होती, वडील आणि मुलगा, मुलगा घर सोडून जातो एवढंच. २०२२ च्या सुरुवातीला एका दिग्दर्शकाला नरेशन दिलं, म्हणजे अख्खी गोष्ट ऐकवली, त्याला आवडलं, निर्माता मिळायला पाच महिने गेले. त्याआधी मी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या लेखकांच्या संघटनेत स्क्रिप्ट रजिस्टर करून घेतली होती. करार आला तो मी दोनदा वाचला आणि मग वकिलाला दाखवला, हे नवीन लिहिणाऱ्यांनी करावंच. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने सिनेमातल्या साहित्याच्या लेखकाला, थिएटरमधलं प्रदर्शन सोडून बाकीच्या वापरासाठी रॉयल्टीचा हक्क दिलाय आणि तो हक्क लेखकाला निर्मात्याला लिहून देताच येत नाही. माझ्या करारात तरीही ‘सर्व हक्क सोडत आहे’ अशी ओळ होतीच. ती काढून घेतली, वाद झाला नाही, पण मी विचारलं नसतं तर ती तशीच राहिली असती. मालिकेच्या वेळी मी करार न वाचता सही केली होती, कारण दुसऱ्या दिवशी एपिसोड द्यायचा होता.

पहिला ड्राफ्ट मी सात आठवड्यांत दिला. दिग्दर्शकाने तो वाचून एक वाक्य सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही: "सगळं ऐकू येतंय, दिसत काहीच नाही." मला राग आला. घरी येऊन ड्राफ्ट परत वाचला आणि त्याचं म्हणणं कळलं. मालिका ऐकली जाते हो. लोक कामं करता करता बघतात, मान खाली असते, पाठ टीव्हीकडे असते, म्हणून मालिकेच्या संवादात सगळं यावं लागतं, कोण आलं, कोण चिडलं, काल काय झालं होतं, आणि हे सगळं माहिती दिल्यासारखं न वाटता. ते कसब मी सहाशे एपिसोडमध्ये कमावलं होतं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण सिनेमात समोरचा माणूस अंधारात बसून फक्त तुमच्याकडे बघत असतो. त्याला सांगावं लागत नाही. माझ्या ड्राफ्टमध्ये वडील चिडलेत हे मुलगा म्हणत होता, आई म्हणत होती, आणि वडील स्वतःही म्हणत होते.

मग सात ड्राफ्ट झाले. दुसऱ्या ड्राफ्टला मी संवाद न लिहिता अख्खा सिनेमा लिहिला, फक्त कोण काय करतं ते, आणि मला ते फार जड गेलं, कारण माझी बोटं आपोआप अवतरणचिन्हाकडे जायची. शेवट मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेला होता आणि ही चैन मालिकेत कधीच नसते. शेवट माहीत असला की प्रत्येक सीनला विचारता येतं की तू मला तिकडे नेतोयस का. मालिकेत सीनला एवढंच विचारायचं असतं की उद्या लोक परत येतील का. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत पण त्यातून दोन वेगळे लेखक तयार होतात. पाचव्या ड्राफ्टपर्यंत दिग्दर्शकाने इतकं सुचवलं होतं आणि मी इतकं बदललं होतं की कुठली कल्पना कुणाची हे मला सांगता येईना. श्रेयात पटकथेला त्याचंही नाव आलं, मला ते योग्य वाटलं.

शूटिंग सुरू झालं आणि फोन बंद झाला. म्हणजे फोन चालू होता, वाजत नव्हता. दोन वर्षं रोज सेटवरून चार-पाच फोन यायची सवय, हे वाक्य बसत नाही, ही एन्ट्री आधी घेऊ का, इथे दोन ओळी वाढवून दे, आणि इथे अडतीस दिवसांच्या शूटमध्ये मला तीन फोन आले. सेटवर दोन दिवस गेले, सगळ्यांनी आदराने खुर्ची दिली, आणि त्या खुर्चीत बसून मला कळलं की माझं काम संपलंय. मुलगा निघतो तो सीन मी घराच्या अंगणात लिहिला होता, तो त्यांनी बसस्टँडवर घेतला हे मला पंधरा दिवसांनी असिस्टंट डिरेक्टरच्या बोलण्यातून कळलं. कुणी मुद्दाम लपवलं नव्हतं. मला सांगायला हवं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि मला लागलं ते हेच.

मग एडिट झालेला कट बघायला बोलावलं. वडील-मुलाचा निघण्याआधीचा सीन, रात्रीचा, साडेतीन पानांचा, माझ्या मते मी आजवर लिहिलेला सगळ्यात चांगला संवाद. पडद्यावर तो सीन चाळीस सेकंदांचा होता आणि त्यात एकही शब्द नव्हता. वडील दोरीवरचा मुलाचा शर्ट काढतात, घडी घालतात, घडी मोडतात, परत घालतात आणि बॅगेत ठेवतात. मी पुढची दहा मिनिटं नीट पाहिलीच नाहीत, आतून नुसती धुमसत होते. घरी येऊन स्क्रिप्ट उघडली तर त्या साडेतीन पानांच्या सुरुवातीला माझीच ओळ होती, ‘वडील शर्टाची घडी घालतायत. मनासारखी होत नाही. पुन्हा घालतात.’ ही ओळ मी हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहिली होती. दिग्दर्शकाने बाकीचं सगळं काढलं आणि तेवढंच ठेवलं, आणि त्याचं बरोबर होतं. सासूचं काम करणाऱ्या ताईंनी जे फोनवर शिकवलं तेच होतं खरंतर, ही माणसं बोलून दाखवत नाहीत. मी तिथे वाळत घातलेले कपडे काढायला सांगून माफी मागितली होती आणि इथे परत साडेतीन पानं बोलत बसले.

पण सगळंच बरोबर झालं असं मी म्हणणार नाही. बहिणीचे दोन सीन लांबीसाठी उडवले आणि ती आता शेवटी भावाशी अबोला का धरते याचं कारण सिनेमात कुठेच नाही. मी त्या वेळीही सांगितलं, आजही माझं तेच मत आहे, ती चूक आहे. सिनेमा २०२४ मध्ये लागला, बघून आलेल्या ओळखीच्या तिघांनी मला वेगवेगळं येऊन तेच विचारलं, ती बहीण का रुसली? मालिकेत अशी चूक झाली असती तर मी पुढच्या आठवड्यात दोन वाक्यांत सांधली असती. मालिकेत रोज चुका होतात आणि रोज दुरुस्त करता येतात. सिनेमातली बहीण आता कायमची विनाकारण रुसलेली आहे, आणि तो सिनेमा पुन्हा कधी लागला की मला फक्त तेवढंच दिसतं.

सध्या मी एका वेब सीरिजवर काम करतेय, आठ एपिसोड, आम्ही तिघं लेखक, शूट सुरू व्हायच्या आत आठही एपिसोड लिहून पुरे करायचेत, शेवट ठरलाय. पैशांची बोलणी झाल्यावर मी करारात दोन गोष्टी मागितल्या. शूट चालू असताना सीनची जागा बदलली किंवा सीन काढला तर त्याच दिवशी लेखकांना कळवायचं, आणि पहिला कट लॉक, म्हणजे पक्का, करण्याआधी आमच्यापैकी एकाला एडिटवर बसवायचं. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीवर तीन मीटिंगा झाल्या, निर्मात्यांचं म्हणणं होतं की अशी पद्धत नाही. मी त्यांना बहिणीची गोष्ट सांगितली, शर्टाचीही सांगितली. गेल्या आठवड्यात सुधारित करार आला, दुसरी अटही आहे त्यात, फक्त ‘एकाला’ च्या जागी ‘शक्यतो एकाला’ झालंय. तो ‘शक्यतो’ काढायला सांगून मी करार परत पाठवलाय.